पगार वीस तारखेला संपतो, तेव्हा हिशेब कुठून धरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महागड्या शहरात नोकरी, एकट्याचं बिऱ्हाड, पगार बेताचा. चैन म्हणावी असं काही नाही, तरी वीस तारखेच्या सुमारास खातं रिकामं होतं आणि पुढचे दहा दिवस क्रेडिट कार्डावर निघतात. कार्डाची बाकी आता एका पगाराएवढी झाली आहे. भाडेकरार चार महिन्यांनी संपतोय. खर्च कुठे कापू, आणि कापूनही जमणार नसेल तर शहर सोडू का, असं तुम्ही विचारलंय. सोबत आकडे दिलेत हे फार बरं केलंत. लोकांचे घरखर्चाचे आणि कर्जाचे हिशेब मार्गी लावून देणं हेच माझं काम आहे, आणि बहुतेक जण माझ्यासमोर बसून नुसतं ‘पुरत नाही हो’ एवढंच सांगतात.

तुमचा पगार १०० भागांचा धरते, म्हणजे शहर कुठलंही असो, हिशेब तोच राहील. भाडं ३०. प्रवास ९. जेवणखाण २२. घरी पाठवता ते १२. वीज, फोन, इंटरनेट मिळून ५. कार्डाला ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायलाच लागणारी रक्कम, म्हणून भरता ते ५. बेरीज झाली ८३. उरलेले १७ कशात जातात ते सांगता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

असा कागद समोर आला की माणूस पहिलं बोट ठेवतो ते किरकोळ खर्चांवर. बाहेरची कॉफी बंद करू का, सिनेमाचं सबस्क्रिप्शन काढून टाकू का? टाका हवं तर, पण त्यातून महिन्याला दोन भाग सुटले तर खूप झाले. दात कोरून पोट भरत नाही. शिवाय रोज दहा वेळा स्वतःला ‘नको’ म्हणत राहिलेला माणूस तिसऱ्या महिन्यात वैतागतो आणि एका संध्याकाळी सगळं वाचवलेलं उडवून येतो, हेही मी भरपूर पाहिलंय. बेताच्या पगारात मोठ्या शहरात ज्यांचा निभाव लागतो ते इतरांहून चिक्कू असतात असं मुळीच नाही. त्यांनी खोली कुठे घेतली, कुणासोबत घेतली आणि उधारी कोणत्या दराने घेतली, या तीन गोष्टी धड केलेल्या असतात. हे निर्णय वर्षा-दोन वर्षांतून एकदाच घ्यावे लागतात. ते चुकले की महिनाभराची काटकसर त्यांच्यातच जिरते.

तर आधी खोली. तुम्ही अभिमानाने लिहिलंय की भाडं बरोबर ३० टक्क्यांत बसवलं, कारण तसा नियम आहे. हा नियम आला कुठून ते सांगते, कारण त्याने तुमचं नुकसान झालंय. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंचं भाडं त्यांच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त असू नये असा कायदा झाला. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्क्यांवर नेली. सरकारने आपल्या भाडेकरूंकडून किती घ्यावं याची ती मर्यादा. पुढे तीच सगळ्यांसाठी शहाणपणाचा नियम म्हणून फिरायला लागली. खुल्या बाजारात बेताच्या उत्पन्नाला ती लागू पडत नाही, आणि हे आजचं नाही. बर्लिन शहराच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख हेर्मान श्वाबं याने १८६८ मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका भाड्यात जाणारा वाटा मोठा. तेव्हा ३० चा आकडा गाठला म्हणून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या आकड्यात प्रवास धरलेलाच नाही.

तुम्ही ३० टक्क्यांत बसण्यासाठी शहराच्या पार टोकाला गेलात. जायला दीड तास, यायला दीड तास. प्रवासाचे ९ भाग तुम्ही वेगळ्या ओळीत लिहिलेत: त्यात ४ पास, ३ स्टेशनपर्यंतच्या शेअर गाडीचे, आणि २ महिन्यातून एक-दोनदा शेवटची गाडी चुकते तेव्हाच्या टॅक्सीचे. हे तिन्ही खरं तर त्या खोलीचंच भाडं आहे. जेवणाच्या २२ मधलेही ५ भाग खोलीच्या खात्यावर टाका. सकाळी साडेसहाला बाहेर पडणारा आणि रात्री नऊनंतर परतणारा माणूस घरी स्वयंपाक करत नाही. तुम्हीही सकाळचं आणि बरेचदा रात्रीचं बाहेर खाता असं लिहिलंच आहे. म्हणजे तुमची ३० ची खोली तुम्हाला ४४ ला पडते आहे.

आता पर्याय मांडू. कामाच्या ठिकाणापासून वीस मिनिटांवर एकट्याला खोली घ्यायची तर ४५ लागतात असं तुम्ही चौकशी करून लिहिलंय. प्रवासाचे २ धरले तर ४७. तुम्हाला अशक्य वाटलेली ती खोली आजच्या खोलीपेक्षा फक्त ३ भागांनी महाग आहे. त्याच भागात दोघांनी किंवा तिघांनी मिळून घर घेतलं तर तुमच्या वाट्याला २७ येतात, हेही तुमच्याच चौकशीत आहे. प्रवास धरून २९. म्हणजे ४४ च्या जागी २९, महिन्याला १५ भाग मोकळे. कॉफी सोडून हे व्हायला किती जन्म लागले असते?

आणि वेळ. रोजचे तीन तास चाळीस मिनिटांवर आले तर दिवसाला १४० मिनिटं वाचतात. कामाचे २४ दिवस धरले तर महिन्याला ५६ तास. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी चालत होता तेव्हापासून मोटारीत बसेपर्यंत, रोजच्या ये-जा करण्यावर साधारण एक तासच घालवत आला आहे. वाहन वेगवान झालं की माणूस लांब राहायला जातो, तास तेवढाच राहतो. त्याच्या तिप्पट तुम्ही रोज मोजताय. तुमच्या पगाराचे १०० भाग साधारण १९२ तासांच्या कामाचे आहेत. त्याच दराने ५६ तासांचे २९ भाग होतात. हे पैसे कुणी हातात देणार नाही, मान्य. पण झोप, स्वयंपाक, एखादा अभ्यासक्रम, सगळं याच तासांतून निघायचं असतं.

हे गणित प्रत्येकाचं असंच निघेल असं नाही. दूरची खोली २० ला मिळत असेल आणि गाडी थेट असेल, बसून जाता येत असेल, तर दूरचीच बरी. घरात दोघं कमावणारी असतील आणि दोघांची कामं दोन टोकांना असतील तर मधली जागा शोधावी लागते. मुलं शाळेत जाणारी असतील तर शाळा सगळ्यात आधी. पण एकट्या माणसाने अंतर कापण्यापेक्षा घर वाटून घ्यावं, या मताची मी झाले आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांचे कागद पाहून ते दर वर्षी पक्कंच होत चाललंय.

‘पण दुसऱ्याबरोबर राहणं जमत नाही’ हे मला लगेच ऐकू येतंय. बहुतेकांचं बिनसतं ते स्वभावावरून नाही, आधी न ठरवलेल्या गोष्टींवरून. करारावर कुणाकुणाचं नाव आहे? एकाचंच असेल तर मालकाच्या लेखी बाकीचे पाहुणे. त्याने उद्या घर सोडलं की तुम्ही रस्त्यावर. डिपॉझिट कुणी किती भरलं, ते कागदावर आहे का? मध्येच एक जण निघून गेला तर त्याच्या वाट्याचं भाडं कोण भरणार, आणि नवा माणूस कोण शोधणार? पाहुणे किती दिवस चालतील? सफाईची बाई लावायची की आपण करायचं? अर्ध्या तासात बोलून होणारे हे प्रश्न आहेत. बोललेलं सगळ्यांच्या मोबाइल ग्रुपवर लिहून टाकायचं, बस. वकील नको, स्टॅम्प नको. भांडण झालं तर त्या चार ओळी कोर्टात चालतील की नाही हे महत्त्वाचं नाही. त्या ओळी असल्या की भांडण तिथवर जात नाही.

खोली पाहायला रविवारी दुपारी जाऊ नका. दलाल तीच वेळ देतो, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो, शेजारी झोपलेले असतात आणि उजेड भरपूर असतो. कामाच्या दिवशी सकाळी, तुम्ही निघणार त्याच वेळेला जा. तिथून ऑफिसपर्यंत घड्याळ लावून एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही मोटारीतली असतात. नळ सोडून बघा, आणि पाणी किती वाजता येतं ते मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी विचारा. आत उभं राहून एक फोन लावा, नेटवर्क कळेल. पक्कं झालं की किल्ली हातात आल्या दिवशी वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो, भिंतींवरच्या ओलीचे फोटो, तुटलेल्या कडीचा फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवायचे. डिपॉझिट कापलं जातं ते बहुधा जुन्याच डागांच्या नावाने, आणि दोन वर्षांनी ते डाग कुणाचे हे सांगायला तारखेसकट फोटोच लागतात.

करारातल्या चार जागा नीट वाचा. लॉक-इन, म्हणजे घर मध्येच सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, दर वर्षी वाढ किती टक्के, आणि डिपॉझिट परत किती दिवसांत. बाकीच्या पानांवर बहुतेक छापील मजकूर असतो. वाढीचा आकडा मात्र हलका समजू नका. वर्षाला १० टक्के वाढ म्हणजे २७ चे तिसऱ्या वर्षी ३२.७ होतात. तेवढा पगार वाढणार आहे का?

डिपॉझिटची एक अडचण सगळ्यांना येते: नव्या घराचं आधी भरायचं, जुन्या घराचं नंतर मिळणार. मधल्या महिन्या-दीड महिन्यासाठी लोक कार्ड वापरतात किंवा ॲपवरून झटपट कर्ज घेतात. त्याऐवजी आत्तापासून, चार महिने हातात असताना, मालकाला लेखी कळवा की करार संपल्यावर सोडणार आहे आणि डिपॉझिट किल्ली देताना हवं. बरेच मालक शेवटच्या महिन्याचं भाडं त्यातून वळतं करून घ्यायला तयार होतात. विचारणारा वेळेवर विचारत नाही म्हणून नडतं. तरीही कमी पडलं तर नोकरीच्या ठिकाणी पगाराची उचल मिळते का ते बघा.

आता कार्ड. बाकी १०० भाग, व्याज महिन्याला ३ टक्के. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं; चक्रवाढीने वर्षाचे ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. मिनिमम ड्यू साधारण ५ टक्के असतो. आजपासून कार्डावर एक पैचीही खरेदी केली नाही आणि दर महिन्याला न चुकता मिनिमम भरत राहिलात, तर वर्षभरात तुमच्या खिशातून जातील ५५ भाग आणि कर्ज कमी होईल फक्त २३ नं. बाकी ७७ तशीच. मिनिमम ड्यू ही सवलत बँकेच्या सोयीची आहे.

यात दुसरी एक मेख आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. कार्डाची पूर्ण बाकी दर महिन्याला फेडणाऱ्याला खरेदीपासून देय तारखेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर ही मुदत बंद होते आणि नवीन खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं. म्हणजे वीस तारखेनंतर तुम्ही जे घरसामान कार्डावर घेता, ते दुकानातून बाहेर पडल्यापासून व्याज खातं. म्हणून पहिलं काम: कार्ड पाकिटातून काढा, खरेदीच्या ॲपांमध्ये साठवलेला नंबर पुसा. कार्डाचं खातं मात्र बंद करायची आता गरज नाही.

दुसरं, खोली बदलून सुटलेले १५ भाग सरळ कार्डाकडे वळवा. ५ आणि १५ मिळून महिन्याला २०. असे पाच हप्ते पूर्ण जातात आणि सहावा जेमतेम १० चा निघतो. सहा महिन्यांत कार्ड कोरं. तेच कर्ज, तोच पगार. मिनिममवर चाललात तर वर्षाने ७७ शिल्लक, २० वर चाललात तर अर्ध्या वर्षात शून्य. मी माणसांसमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिते तेव्हा बराच वेळ कुणी बोलत नाही.

खोली बदलेपर्यंतच्या चार महिन्यांत काय करायचं? कार्ड कंपनीला फोन करून बाकीचं हप्त्यांत रूपांतर मागा. त्याचा दर बहुधा कार्डाच्या दराहून बराच कमी असतो, आणि तुम्ही अजून एकही हप्ता चुकवलेला नाही तोवर तुमच्या शब्दाला किंमत आहे. नोकरदारांची पतसंस्था असेल तर तिथे दर आणखी कमी मिळू शकतो. प्रक्रिया शुल्क किती ते मात्र आधी विचारा. ॲपवरच्या झटपट कर्जाचा दर ते आठवड्याचा सांगतात. आठवड्याला ५ टक्के म्हणजे सरळव्याजानेच वर्षाला २६० टक्के. त्या वाटेला जाऊच नका.

आता ते न सापडणारे १७ भाग. ते उधळपट्टीत गेले असतील असं तुम्हाला वाटतंय आणि त्याची थोडी लाज वाटतेय, हे पत्रातून कळतं. बँकेचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि महिन्या-महिन्याने न बघता एकदम वर्षाचं बघा. चष्मा, दाताची रूट कॅनाल, फोनची फुटलेली स्क्रीन, गावी जायची दोन तिकिटं, मित्राच्या लग्नाचा आहेर आणि त्यासाठीचे कपडे, विम्याचा वार्षिक हप्ता, बूट. यातलं प्रत्येक ‘या महिन्यात जरा अडचणच आली’ म्हणून खपून जातं. पण दर महिन्याला काही ना काही येतंच. वर्षाची बेरीज करा, बाराने भागा. तुमच्यासारख्या बिऱ्हाडात ती साधारण ८ ते १० भाग निघते. म्हणजे १७ पैकी निम्मा तरी शोध इथेच लागेल. याला ‘अचानक आलेला खर्च’ म्हणणं सोडा. वेगळं खातं उघडा, कार्ड न घेता, आणि पगार झाल्या दिवशी ८ भाग तिकडे आपोआप जाऊ द्या. त्यातून दाताचा डॉक्टर, त्यातूनच लग्न.

पगाराच्या दिवशीच जावं, महिनाअखेर नको. शेवटी उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे एक कारण आहे. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या सुगीच्या आधी आणि नंतर घेऊन केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तीच माणसं हात आखडलेले असताना चाचणीत मागे पडली, पैसा आल्यावर सुधारली. अक्कल तीच, पण निम्मी पैशाच्या काळजीत गुंतलेली. तुमचीही वीस तारखेनंतर तशीच गुंतते. म्हणून पैशाचे निर्णय एक तारखेला घेऊन टाकायचे आणि मग महिनाभर त्यांना हात लावायचा नाही.

आणि महिना चार आठवड्यांचा धरू नका. वर्षाचे आठवडे ५२. बारा चोक अठ्ठेचाळीस. चार आठवड्यांचं खाणंपिणं तुमच्या हिशेबात कुठेच नाही, आणि बऱ्याच जणांच्या महिनाअखेरीची ओढाताण एवढ्यावरच असते. महिना ४.३५ आठवड्यांचा धरा. नव्या घरात गेल्यावर तुमचा कागद असा दिसेल: भाडं २७, प्रवास २, घरी १२, बिलं वाटून ४, कार्ड २०, वर्षाच्या खर्चाचं खातं ८. एकूण ७३. उरले २७. त्याला ४.३५ ने भागलं की आठवड्याला ६.२. हे ६.२ दर सोमवारी खर्चाच्या खात्यात घ्या, किंवा रोख काढा. गुरुवारी संपले तर तीन दिवस काटकसर, दहा दिवस नव्हे. या २७ मध्ये १७ जेवणखाण आणि १० बाकी सगळं. घट्ट आहे, नाही म्हणत नाही. पण हे घट्टपण सहा महिन्यांचं आहे. सातव्या महिन्यात कार्डाचे २० मोकळे होतात.

किराण्यात फार डोकं घालू नका. एकच सांगते: पाकिटावरची किंमत न बघता किलोचा किंवा लिटरचा भाव बघा. लहान पाकीट जवळजवळ नेहमीच महाग पडतं. मोठं घ्यायला एकरकमी पैसे आणि ठेवायला जागा लागते, जी एकट्याकडे नसते आणि तिघांच्या घरात असते.

घरी पाठवता त्या १२ भागांना तुम्ही हात लावू इच्छित नाही. ठीक आहे, मीही लावा म्हणणार नाही. पण बहुतेकांच्या घरी आपल्या शहरातल्या पगाराबद्दल एक भलतंच चित्र असतं आणि ते आपणच सणावाराला भेटवस्तू नेऊन रंगवलेलं असतं. वर्षाचा कागद एकदा आईवडिलांसमोर ठेवा. रक्कम तीच राहू दे, पण मधूनच येणारे ‘या महिन्यात थोडे जास्त पाठवशील का’ हे फोन वर्षाच्या खात्यातून जातील, आणि तिथे नसतील तर नाही, एवढं आधी बोलून घ्या. घरी कार्डाबद्दल सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यातले बरेच हलके होऊन परत गेले.

मित्रांचं अवघड असतं. दर शुक्रवारी बाहेर जेवायला जाणारा गट असेल तर तुम्ही दोनच मार्ग बघता: जाऊन खर्च करायचा किंवा कारण सांगून टाळायचं. दुसऱ्याने माणूस एकटा पडतो, आणि परक्या शहरात एकटं पडलेल्या माणसाचा खर्च वाढतोच. जेवून जा, नंतर तासभर बसा. किंवा तुम्हीच बोलावणं करा, तुमच्या घरी. आणि तुमचं भाडं महाग आहे ते ज्यांच्यामुळे, त्या गोष्टी वापरता का? सार्वजनिक वाचनालय, बागा, मोफत व्याख्यानं, संग्रहालयाचा विनाशुल्क दिवस, सरकारी रुग्णालयाची ओपीडी, संध्याकाळचे स्वस्त वर्ग. शहराच्या टोकाला राहून रोज तीन तास प्रवास करणारा माणूस शहराचं भाडं भरतो आणि शहर त्याच्या वाट्याला येत नाही.

सहकाऱ्यांत मिळून पैसे जमवायची भिशी असते, तिच्याबद्दल तुम्ही विचारलंय. मेक्सिकोत ‘टांडा’, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकवेल’, पश्चिम आफ्रिकेत ‘सुसू’, जगभर हाच प्रकार चालतो, आणि चालतो कारण स्वतःला दिलेला शब्द मोडता येतो, दहा ओळखीच्यांना दिलेला मोडवत नाही. डिपॉझिटसाठी रक्कम उभी करायला चांगली. अटी दोन: सगळे एकमेकांना रोज भेटणारे असावेत, आणि कुणीही ‘वाढवून देतो’ म्हणत नसावा. वाढवून देतो म्हटलं की ती भिशी राहत नाही. पण तुमच्यावर कार्डाचं कर्ज आहे तोवर थांबा. ३ टक्क्यांचं व्याज चालू असताना बिनव्याजी बचत करणं परवडत नाही.

उत्पन्नाबद्दल. मोठ्या शहराचा खरा फायदा एकच: एका तासाच्या अंतरात तुमच्या कामाच्या दहा जागा असतात. तो फायदा घेत नसाल तर हे भाडं वाया. सुटलेल्या ५६ तासांतले दहा-बारा तरी याला द्या. तुमच्या हुद्द्याला दुसरीकडे काय मिळतं याची चौकशी, एखादा परवाना किंवा प्रमाणपत्र, दोन मुलाखती. सुट्टीच्या दिवशी गाडी चालवून किंवा डिलिव्हरी करून जादा कमवायचा विचार तुम्ही लिहिलाय. त्यात इंधन, गाडीची झीज आणि विमा वजा करून ताशी किती पडतात ते आधी बघा. अनेकांना ते स्वतःच्या पगाराच्या ताशी दरापेक्षा कमी पडतं, आणि सोमवारी ते थकलेले असतात.

शहर सोडायचं का? आत्ता नाही, कारण आत्ताचा तुमचा कागद शहराबद्दल काही सांगत नाही, एका दूरच्या खोलीबद्दल आणि एका कार्डाबद्दल सांगतो. दोन्ही सरळ झाल्यावर वर्षभराने पुन्हा मांडा. तेव्हाही भाडं आणि प्रवास मिळून निम्म्याच्या वर जात असेल, वर्षाच्या खर्चाच्या खात्यात काही टिकत नसेल, आणि तुमच्या कामात पुढच्या दोन वर्षांत पगार वाढण्याची चिन्हं नसतील, तर सोडा. लहान शहरात पगार ७० मिळाला आणि राहणं-प्रवास मिळून १५ लागले, तर हातात ५५ राहतात. इथे १०० मधून तेव्हा समजा ५२ गेले, तर राहतात ४८. पगाराचा आकडा कमी झाला म्हणून नातेवाईक काय म्हणतील, याला त्या कागदावर ओळ नाही.

तोवर या आठवड्यात एवढं करा: बारा महिन्यांचं स्टेटमेंट, कार्ड कंपनीला फोन, घरमालकाला लेखी निरोप. घर शोधायला करार संपायच्या दोन महिने आधी लागा, त्याआधी मिळालेली खोली तुमच्यासाठी कुणी अडवून ठेवत नाही. शोधताना आधी माणसं शोधा, मग घर. ऑफिसमध्ये दूरवरून येणारे तुम्ही एकटेच नसाल.